बल्ब पुन्हा पुन्हा का उडतो?

मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब कधीतरी उडणारच. टायर झिजतो, ब्रेकचे लायनर झिजतात, तसाच बल्बही झिजणारा भाग आहे. पण एकाच गाडीचे बल्ब वर्षात तीन-तीन वेळा उडत असतील, तर दुकानदाराला नावे ठेवून चौथा बल्ब बसवणे हा उपाय नव्हे. एकदा ताप आला तर गोळी घेऊन भागते. दर पंधरवड्याला ताप येत असेल तर रक्त तपासावे लागते. या लेखात आपण बल्बचे रक्त तपासणार आहोत. नववी-दहावीला शिकलेले ओहमचे सूत्र त्यासाठी पुरेसे आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. एकच दिवा चालू असलेली मोटार अंधारात समोरून मोटारसायकलसारखी दिसते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणजे समोरून येणारा आपल्या उजव्या बाजूने जातो. आपला उजवा दिवा बंद असेल, तर त्याला फक्त डावा दिवा दिसतो. ‘मोटारसायकल आहे, बरीच कडेला आहे,’ असे समजून तो मोकळी जागा धरून चालतो. प्रत्यक्षात त्या जागेत आपल्या गाडीचा उरलेला सव्वा-दीड मीटर भाग असतो. एवढीशी स्वस्त वस्तू इथे माणसाच्या जिवाशी जोडलेली आहे.

बल्बच्या आत काय चालते

जुन्या मोटारींत आणि आजच्याही अनेक साध्या गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. हा प्रकार १९७१ मध्ये युरोपात वापरात आला. त्यावर ‘१२ व्होल्ट, ६०/५५ वॉट’ असे छापलेले असते. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात. ६० वॉटची अप्परसाठी आणि ५५ वॉटची डिपरसाठी.

फिलामेंट टंगस्टनची असते. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळते. सर्व धातूंमध्ये हा वितळणबिंदू सर्वांत वरचा आहे. दिवा लागला की फिलामेंट साधारण तीन हजार केल्विनपर्यंत तापते. ती वितळत नाही, पण तिचे अणू हळूहळू बाष्प होऊन उडत राहतात. साध्या बल्बमध्ये ते थंड काचेवर जाऊन बसतात आणि काच काळी पडते. हॅलोजन बल्बमध्ये थोडेसे आयोडीन किंवा ब्रोमीन भरलेले असते. ते काचेजवळ टंगस्टनशी संयोग पावते, फिरत फिरत पुन्हा तप्त फिलामेंटपाशी येते आणि तिथे टंगस्टन सोडून देते. त्यामुळे काच स्वच्छ राहते.

पण यात एक गोम आहे. अणू जिथून निघाला तिथेच परत येतो असे नाही. एखादी जागा बारीक होत जाते. बारीक जागेचा रोध जास्त, म्हणून ती जास्त तापते. जास्त तापली की तिथले टंगस्टन आणखी वेगाने उडते. शेवटी एक दिवस तार तिथेच तुटते.

हे चक्र चालण्यासाठी काचेची भिंतही निदान अडीचशे अंश सेल्सिअस तापलेली असावी लागते. साधी काच ते सोसत नाही, म्हणून छोटी क्वार्ट्झची नळी वापरतात. तिला बोट लागले तर बोटाचे तेल आणि घामातले क्षार तिच्यावर राहतात. तापल्यावर त्या ठिकाणची काच कमजोर होते, फुगते किंवा तडकते. ‘काचेला हात लावू नका’ या सूचनेमागचे कारण हे आहे.

दिवा लावतानाच का उडतो

बल्ब चालत्या गाडीत उडण्यापेक्षा बटण दाबताना उडाल्याचे आपण जास्त वेळा पाहतो. ६० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५ अँपिअर. १२ भागिले ५ म्हणजे २.४ ओहम. हा झाला तापलेल्या फिलामेंटचा रोध. थंड टंगस्टनचा रोध याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. तो ०.२ ओहम धरला तर कागदावर ६० अँपिअर उत्तर येते. वायर आणि स्विच यांच्या रोधामुळे खरा आकडा याहून कमी असतो. तरीही क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो आणि आधीच बारीक झालेली जागा तो झटका सोसू शकत नाही.

म्हणून होल्डर सैल असेल आणि खड्ड्यागणिक दिवा मिणमिणत असेल, तर प्रत्येक मिणमिणीला बल्ब असा एक छोटा झटका खातो. शिवाय सैल जोडावर ठिणगी पडते, पितळी पाती काळी पडते आणि होल्डरचे प्लास्टिक वितळते.

व्होल्टेज थोडे वाढले तर

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. फिलामेंटच्या दिव्याचे आयुष्य व्होल्टेजच्या सुमारे तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. प्रकाश मात्र साधारण ३.४ घाताने वाढतो. आकडे करून पाहू. व्होल्टेज ५ टक्के वाढले तर प्रकाश सुमारे १८ टक्के वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होते. १० टक्के वाढले तर आयुष्य तिसऱ्या हिश्शाहून कमी उरते.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट देतो. त्याला ताब्यात ठेवणाऱ्या भागाला रेग्युलेटर म्हणतात. रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टच्या वर जाऊ लागला, तर दिवे लखलखीत दिसतात आणि मालक खूश होतो. पण बल्ब मात्र लवकर मरतात.

महिने नव्हे, तास मोजा

‘बल्ब सारखे उडतात’ असे म्हणण्यापूर्वी ते किती तास जळले हे पाहावे. समजा एक बल्ब ४०० तास टिकतो. घरची गाडी रोज एक तास दिवे लावून चालत असेल तर तो वर्षाहून अधिक पुरेल. रात्रपाळीची टॅक्सी रोज आठ तास दिवे लावते. तिला तोच बल्ब ५० दिवस पुरेल. दोन्ही बल्ब सारखेच चांगले आहेत.

कोलकात्यात याला भूगोलाची जोड आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. कोलकाता सुमारे ८८.४ अंशांवर आहे, मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर दोन्ही शहरांत सूर्याचा फरक एका तासाहून थोडा जास्त येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला कोलकात्यात सूर्य पाचच्या आत मावळतो, मुंबईत सहाच्या सुमारास. म्हणजे कार्यालये आणि शाळा सुटण्याची सगळी गर्दी कोलकात्यात अंधारात, दिवे लावून घरी जाते. महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या कुटुंबाला ‘इथे बल्ब लवकर जातात’ असे वाटले, तर त्यात थोडे खरेही असते.

दुचाकींचे उदाहरणही असेच आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण दिवसाचे तासही बल्बच्या खात्यात जमा होतात, हे विसरू नये.

कोलकात्यातली एक गाडी

जुन्या गाड्या समजून घ्यायला कोलकात्यासारखे शहर नाही. अँबेसेडर मोटार हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती आणि शहराच्या पिवळ्या टॅक्सी म्हणजे बहुतकरून याच गाड्या असत. ट्रामचे रूळ, फरसबंदीचे जुने रस्ते, दमट हवा आणि पावसाळ्यात ठनठनिया, अॅमहर्स्ट स्ट्रीट अशा भागांत साचणारे पाणी या चार गोष्टी कोणत्याही हेडलाइटची परीक्षा घेतात. सुटे भाग हवे असतील तर लोक मल्लिक बाजारात जातात.

सुट्टीत मी तिथे असताना वडिलांच्या परिचयाच्या एका मराठी काकांच्या जुन्या गाडीची तक्रार ऐकली. वर्षभरात दोन्ही बाजूंचे बल्ब तीन-तीन वेळा बदलले होते. एका मिस्त्रीने ‘बल्ब नकली’ म्हटले, दुसऱ्याने ‘रस्ते खराब’ म्हटले. दोन्ही कारणे असू शकतात. पण काकांना विचारल्यावर आणखी दोन गोष्टी कळल्या. बॅटरीत सारखे पाणी घालावे लागे आणि मीटरमागचे छोटे दिवेही अधूनमधून जात. एकाच गाडीत सगळेच दिवे जात असतील आणि बॅटरीचे पाणीही आटत असेल, तर संशय खड्ड्यावर नव्हे, व्होल्टेजवर घ्यायला हवा.

वडिलांनी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ठीक. इंजिनाचा वेग वाढवल्यावर आकडा १५.३ वर गेला. या गाडीत रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आत नसून इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला होता. त्याचा अर्थ त्या स्क्रूमधूनच बॉडीला मिळतो. स्क्रूखाली गंज होता. गंजामुळे अर्थ कच्चा झाला की रेग्युलेटरला खऱ्यापेक्षा कमी व्होल्टेज ‘दिसते’ आणि तो अल्टरनेटरकडून अधिक मागतो. बॅटरीची तार काढली, स्क्रू सोडवला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वर थोडी व्हॅसलिन लावून स्क्रू घट्ट केला. पुन्हा मोजले तर १४.१ व्होल्ट आले.

आता हिशेब करा. १५.३ भागिले १४.१ म्हणजे १.०८५. याचा तेरावा घात २.९ च्या आसपास येतो. म्हणजे वाढलेल्या व्होल्टेजमुळे बल्बचे आयुष्य जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आले होते. जो बल्ब वर्षभर चालायचा तो चार महिन्यांत जात होता आणि काकांची तक्रार नेमकी तीच होती. दुरुस्तीचा खर्च म्हणजे एक पॉलिश पेपर.

उडालेला बल्ब फेकू नका

उडालेला बल्ब हा पुरावा असतो. तो उजेडात धरून पाहा.

काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल, तर टंगस्टन भरपूर उडाले आहे. बल्ब पुरेसे तास जळला आहे किंवा व्होल्टेज जास्त आहे.

काच स्वच्छ, बल्ब नवा आणि तार मधोमध तुटलेली असेल, तर हादरे शोधा. हेडलाइटचा डबा हलतो का, बल्बची स्प्रिंग क्लिप नीट बसते का, हे हाताने पाहा.

आत पांढरी-पिवळसर भुकटी दिसली तर काचेतून हवा आत गेली आहे. तापलेले टंगस्टन ऑक्सिजनने जळले की तिचे ऑक्साइड असे दिसते. मग हेडलाइटमध्ये पाणी शिरते का ते पाहा. तापलेल्या काचेवर पाणी पडले तर ती तडकू शकते. मागचे रबरी टोपण फाटलेले किंवा हरवलेले असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते.

काचेवर एका ठिकाणी फुगवटा किंवा पांढरा डाग असेल, तर बसवणाऱ्याचे बोट लागले असावे.

बुडाच्या पात्या काळ्या आणि होल्डर वितळलेला असेल, तर जोड सैल आहे. नवा बल्ब घालण्याआधी होल्डर बदला.

तपासणीचा क्रम

पहिला प्रश्न असा की एकाच बाजूचा बल्ब जातो की दोन्ही बाजूंचे? दोन्ही जात असतील तर कारण दोघांना समान असणार, म्हणजे व्होल्टेज किंवा बल्बची जात. एकाच बाजूचा जात असेल तर कारण त्याच बाजूला आहे. होल्डर, पाणी, हादरे किंवा बसवण्याची पद्धत पाहा.

दुसरे, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. आकडा १४.८ च्या वर जात असेल तर आधी चार्जिंग दुरुस्त करा. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. बाही, लेस आणि बोटे पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावीत.

तिसरे, दिवा लावलेला असताना होल्डरपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायर, स्विच किंवा अर्थ यांत कुठेतरी गळती आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कमी व्होल्टेजने बल्ब उडत नाही, तो मंद जळतो. १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. मग माणूस ‘उजेड पडत नाही’ म्हणून जास्त वॉटचा बल्ब आणतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

नवा बल्ब बसवताना

दिवे आणि इंजिन बंद करा. बल्ब थंड होऊ द्या. हॅलोजन बल्बच्या आत वायू दाबाखाली असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असलेला बरा. मागचा प्लग सरळ ओढून काढा, वायर धरून ओढू नका. रबरी टोपण काढा, स्प्रिंग क्लिप सोडवा, बल्ब बाहेर घ्या. नवा बल्ब फक्त धातूच्या बुडाला धरा. काचेला हात लागलाच तर स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन पुसा आणि वाळू द्या. बुडाचे तीन कान खाचांत बसले की बल्ब एकाच पद्धतीने बसतो. जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा धरला आहे. क्लिप लावा, टोपण सगळीकडून दाबून बसवा, मग प्लग लावा.

एक बल्ब वयाने गेला असेल तर दुसऱ्याचेही तितकेच तास झालेले असतात. म्हणून दोन्ही बदलावेत आणि जुना चालू बल्ब डिकीत राखीव ठेवावा.

शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून डिपर लावा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली असावी. ती वर असेल तर समोरच्याचे डोळे दिपतात.

हे करू नये

बाजारात १००/९० वॉटचे बल्ब मिळतात. १०० वॉट म्हणजे ८ अँपिअरच्या वर प्रवाह. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६० वॉटच्या मानाने सुमारे २.८ पट. ५ अँपिअरसाठी केलेला होल्डर आणि स्विच ते सोसत नाहीत.

‘जास्त पांढरा, जास्त प्रखर’ असे लिहिलेले बल्बही जपून घ्यावेत. त्याच वॉटमध्ये जास्त प्रकाश हवा असेल तर फिलामेंट अधिक तापवावी लागते आणि आयुष्य कमी होते. वारंवार बल्ब बदलावे लागणाऱ्याने ‘लाँग लाइफ’ प्रकार निवडावा.

हॅलोजनच्या डब्यात एलईडी बसवणे हाही सोपा मार्ग वाटतो. पण त्या डब्याचा आरसा फिलामेंटची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. उगम बदलला की किरण भलतीकडे जातात. आपल्याला उजेड वाटतो आणि समोरचा आंधळा होतो.

आपल्यासाठी धडा

दिव्याची किंमत सैनिकाला दोन्ही बाजूंनी ठाऊक असते. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा शहरात ब्लॅकआउट होता. १९७१ च्या युद्धातही मोटारींच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत असत. रस्ता दिसावा पण आकाशातून दिवा दिसू नये, एवढाच प्रकाश ठेवायचा. म्हणजे दिवा आपल्या हुकमात असला पाहिजे, मनाला येईल तेव्हा विझणारा नव्हे.

लष्करी वाहनांची देखभाल ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने होते आणि तिची नोंद ठेवली जाते. तीच सवय घरच्या गाडीला लावता येईल. डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवा. बल्ब बदलला की तारीख, किलोमीटर, बाजू, उडालेल्या बल्बची अवस्था आणि इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज, एवढ्या पाच गोष्टी लिहा. दुसऱ्या वेळी बल्ब उडाला तर आधीची ओळ वाचा आणि मग दुकानात जा. पालकांनाही एक विनंती आहे. पुढच्या सुट्टीत मुलगा मल्टिमीटर मागेल, तेव्हा त्याला तो द्या आणि शेजारी उभे राहा.